कॉलेजच्या असाइनमेंटसाठी डिजिटल पोर्टफोलिओ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः महाराष्ट्रातल्या पदवी महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांसाठी आहे. विद्यार्थ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतलं आहे : भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाचा २ क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट, विषय एका गावातला घरगुती पाणीवापर, वर्ग ८० जणांचा. तुमचा विषय वेगळा असला तरी अडचणी बहुतेक याच येतात.

पोर्टफोलिओ म्हणजे नेमकं काय? जर्नल स्कॅन करून अपलोड केलं तर तो पोर्टफोलिओ होत नाही का?

नाही. ती जर्नलची पीडीएफ झाली. जर्नलमध्ये सगळं असतं : दहाच्या दहा प्रॅक्टिकल, ठरलेल्या क्रमाने, सगळ्यांची जवळपास सारखी. पोर्टफोलिओत विद्यार्थी आपल्या कामातून मोजके नमुने निवडतो, ते का निवडले हे छोट्या टिपणात लिहितो आणि पहिल्या खर्ड्यापासून शेवटच्या कामापर्यंत काय बदललं ते दाखवतो. निवड नाही आणि टिपण नाही, तर वेबसाइट कितीही देखणी असली तरी ते जर्नलच. फक्त तपासायला जास्त त्रासाचं.

सोपी कसोटी अशी : दोन विद्यार्थ्यांच्या साइटवरची नावं झाकली तर कोणती कुणाची हे वर्गातल्या शिक्षकाला ओळखता आलं पाहिजे. येत नसेल तर असाइनमेंटच्या सूचनेत चूक आहे, विद्यार्थ्यांत नाही.

अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळखक्रमांक) आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स (क्रेडिट साठवणारं ऑनलाइन खातं) असताना हे वेगळं कशाला?

तिथे क्रेडिट जमा होतात, काम जमा होत नाही. फील्ड प्रोजेक्टचे २ क्रेडिट मिळाले एवढंच तिथे दिसेल. विद्यार्थ्याने प्रश्नावली कशी बनवली, नकाशा कसा काढला, हे तिथे कुणालाच दिसत नाही.

कोणत्या असाइनमेंटला पोर्टफोलिओ शोभतो?

जिथे काम टप्प्याटप्प्याने सुधारतं तिथे. फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग), प्रोग्रॅमिंग, अनुवाद, वृत्तलेखन, वनस्पतींचं हर्बेरियम, बी.एड.चे पाठ. संख्याशास्त्राची गणितं किंवा कायद्याची कलमं पाठ आहेत का हे पाहायचं असेल तर लेखी चाचणीच घ्यावी. सगळ्या विषयांना एकाच सत्रात पोर्टफोलिओ लावणारी महाविद्यालयंही असतात. तिथे विद्यार्थ्यांना पाच-पाच साइट सांभाळाव्या लागतात आणि पाचही अर्धवट राहतात. विभागाने एका सत्रात एकच घ्यावा.

वेळेचा हिशेबही आधी करा. प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रकामाचा १ क्रेडिट म्हणजे ३० तास. २ क्रेडिटचे ६० तास. त्यातले साइट बांधायला आणि टिपणं लिहायला मिळून १० ते १२ तासांपेक्षा जास्त जात असतील तर गावात जाऊन करायचं काम मागे पडतं.

गूगल साइट्स, वर्डप्रेस, गिटहब... यातलं काय निवडायचं?

कला आणि वाणिज्य शाखेला गूगल साइट्स पुरे. फुकट आहे, जाहिराती येत नाहीत, कोड लिहावा लागत नाही आणि बहुतेकांकडे गूगल खातं असतंच. मर्यादा दोन : मांडणीचे पर्याय थोडे, आणि साइट बनवायला संगणक लागतो.

वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट योजनेत जागा १ जीबीच मिळते आणि पानावर त्यांच्या जाहिराती दिसतात. पण वृत्तलेखन किंवा सर्जनशील लेखन शिकवत असाल तर तेच बरं. नोंदी तारखेनिशी एकाखाली एक येतात आणि लेखन कसं बदलत गेलं ते आपोआप दिसतं.

संगणकशास्त्राच्या मुलांना गिटहब पेजेस द्या. कोड आणि प्रत्येक बदलाची नोंद एकाच ठिकाणी राहते. फुकट खात्यावर साइट चालवायची तर रिपॉझिटरी (तिथलं कोडचं फोल्डर) सार्वजनिक ठेवावी लागते, हे आधीच सांगा. ब्राउझरमधून २५ एमबीपर्यंतचीच फाइल चढते. कमांड लाइनने १०० एमबीपर्यंत. डेटासेट घेऊन बसलेली मुलं नेमकी इथे अडकतात.

महाविद्यालयाकडे मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर) चालू असेल तर त्याला जोडता येणारं महारा नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते खास पोर्टफोलिओसाठीच बनलेलं असून मूळ न्यूझीलंडचं आहे. पण सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो. तो नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आणि लॅबमध्ये पुरेसे संगणकच नसतील तर? ड्राइव्हमधलं एक फोल्डर आणि त्यात एकच गूगल डॉक, ज्यात नमुन्यांच्या लिंक आणि टिपणं. दिसायला साधं, पण मूल्यमापनासाठी साइटइतकंच चांगलं. वेबसाइट हवीच असा हट्ट नको.

पहिल्या दिवशी लॅबमध्ये काय करून घ्यायचं?

दोन तासांचं एक प्रॅक्टिकल पुरतं. ४०-४० च्या दोन बॅच करा. क्रम असा ठेवा :

१. प्रत्येकाने ड्राइव्हमध्ये एकच फोल्डर उघडायचं. त्यात तीन उपफोल्डर : ‘कच्चं’, ‘निवडलेलं’, ‘खासगी’.

२. ‘निवडलेलं’ या फोल्डरचं शेअरिंग ‘रिस्ट्रिक्टेड’वरून ‘एनीवन विथ द लिंक’ आणि ‘व्ह्यूअर’ करायचं. फोल्डरला एकदा परवानगी दिली की आत टाकलेल्या फाइलींना ती आपोआप मिळते. बाकी दोन फोल्डरना हात लावायचा नाही.

३. ड्राइव्हमध्ये ‘न्यू’, मग ‘मोअर’, मग ‘गूगल साइट्स’. साइटला नाव द्यायचं.

४. चारच पानं : परिचय, नमुने, टिपणं, संदर्भ. मुलं पहिल्या तासाला बारा पानं उघडतात आणि त्यातली आठ शेवटपर्यंत रिकामी राहतात.

५. ‘पब्लिश’ करायचं. पत्त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ चालते. पत्त्यात पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) किंवा मोबाइल नंबर टाकू द्यायचा नाही.

६. शेवटची दहा मिनिटं : शेजाऱ्याच्या संगणकावर इन्कॉग्निटो विंडो (जिच्यात कुणाचंच खातं चालू नसतं) उघडून आपली साइट दिसते का ते पाहायचं. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण ती गाळली तर सत्राच्या शेवटी काय होतं ते पुढच्या उत्तरात वाचा.

साइट उघडते, पण आतल्या फाइलींना ‘रिक्वेस्ट ॲक्सेस’ येतं. असं का?

हीच सगळ्यात जास्त येणारी तक्रार आहे. साइटची परवानगी वेगळी आणि तिच्यात लावलेल्या ड्राइव्ह फाइलीची वेगळी. साइट सगळ्यांना खुली केली म्हणून आतला नकाशा, स्लाइड किंवा एक्सेलची फाइल खुली होत नाही. विद्यार्थ्याला मात्र सगळं दिसतं, कारण तो स्वतःच्याच खात्यातून पाहत असतो. म्हणून तो छातीठोकपणे सांगतो, ‘सर, माझ्याकडे तर चालतंय.’ त्याचं खरंही असतं.

उपाय : फाइल ‘निवडलेलं’ फोल्डरमध्येच आहे का ते पाहा. तिथे असूनही उघडत नसेल तर महाविद्यालयाच्या गूगल खात्यात ॲडमिनने संस्थेबाहेर शेअर करणं बंद केलेलं असू शकतं. मग तुम्हाला महाविद्यालयाच्या खात्यातून दिसेल, बाहेरच्या परीक्षकाला दिसणार नाही. हे दुसऱ्या आठवड्यातच तपासा आणि ॲडमिनकडून मार्ग काढून घ्या. परीक्षेच्या दिवशी तो कर्मचारी रजेवर असतो, हा जणू नियमच आहे.

याची जुळी तक्रार : ‘मी काल बदल केला होता, पण मॅडमना जुनंच दिसतंय.’ गूगल साइट्समध्ये खर्डा आणि प्रसिद्ध झालेली आवृत्ती वेगळ्या असतात. बदल केल्यावर पुन्हा ‘पब्लिश’ दाबलं नाही तर बाहेर जुनंच दिसत राहतं.

अर्ध्या वर्गाकडे फक्त मोबाइल आहे. कसं जमवायचं?

काम दोन भागांत तोडा. गोळा करणं मोबाइलवर, मांडणं लॅबमध्ये. फोटो, आवाजाच्या नोंदी, वहीची स्कॅन केलेली पानं हे सगळं ड्राइव्ह ॲपमधून थेट ‘कच्चं’ फोल्डरमध्ये जातं. स्कॅनसाठी वेगळं ॲप लागत नाही. ड्राइव्ह ॲपमध्येच स्कॅनची सोय आहे आणि पीडीएफ तयार होते. टिपणं गूगल डॉक्सच्या ॲपमध्ये लिहिता येतात. गूगल साइट्सचं संपादन मात्र संगणकावरच होतं, म्हणून सत्रात प्रत्येकाला लॅबचे किमान चार तास मिळतील असं वेळापत्रक आधीच लावा.

फोटो व्हॉट्सॲपवरून एकमेकांना पाठवू नका. ते दाबले जातात आणि नकाशावरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. पाठवायचेच असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. उलट, मूळ फोटो ४-५ एमबीचा असतो आणि असे तीस फोटो एका पानावर टाकले तर गावाकडच्या नेटवर ते पान उघडत नाही. रुंदी १६०० पिक्सेलवर आणली की फाइल साधारण अर्ध्या एमबीच्या आत बसते आणि डोळ्यांना फरक कळत नाही. आयफोनवाल्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडावं. नाहीतर फोटो एचईआयसी प्रकारात येतात आणि बऱ्याच ब्राउझरमध्ये दिसतच नाहीत.

व्हिडिओ तीन मिनिटांपेक्षा मोठा नको. तो यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ म्हणून चढवा. ‘प्रायव्हेट’ केला तर परीक्षकाला दिसणार नाही.

मराठी मजकूर साइटवर टाकला की अगम्य अक्षरं येतात.

मजकूर कृतिदेव किंवा जुन्या श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप झालेला आहे. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट गेला की रूप गेलं. डीटीपीवाल्याकडून अहवाल टाइप करून आणणाऱ्या मुलांचं हमखास असं होतं. फॉन्ट बदलून काही होणार नाही. मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेतांक देणारी पद्धत) रूपांतरित करावा लागतो आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावी लागतात. कार्य, वर्ष, स्थिती असे शब्द आधी पाहा.

त्यापेक्षा सुरुवातीपासून युनिकोडच वापरा. संगणकावर इनस्क्रिप्ट कीबोर्ड, मोबाइलवर जीबोर्ड (गूगलचा कीबोर्ड). मोबाइलवर बोलून टाइप करता येतं, पण विरामचिन्हं नंतर भरावी लागतात आणि गावांची नावं हमखास चुकतात.

आणखी एक बारीक गोष्ट. काही देवनागरी फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी विभागाच्या पोर्टफोलिओत ते खटकतं. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ही अक्षरं मराठी वळणाची आहेत.

युनिकोडचा आग्रह केवळ दिसण्यासाठी नाही. वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर स्क्रीन रीडर युनिकोड मराठी वाचतो. कृतिदेवमधलं तो इंग्रजी अक्षरांची बडबड म्हणून वाचेल आणि स्कॅन केलेलं पान तर मुळीच वाचणार नाही. त्यासाठीच प्रत्येक चित्राला एका ओळीचं वर्णन जोडायला लावा. गूगल साइट्समध्ये चित्रावर क्लिक केलं की ‘आल्ट टेक्स्ट’चा पर्याय मिळतो.

किती नमुने घ्यायचे आणि टिपण किती मोठं?

चार किंवा पाच नमुने. प्रत्येकाला १२० ते १५० शब्दांचं टिपण. दहा नमुने मागितले की मुलं निवड करत नाहीत, भर घालतात.

टिपणात काय लिहायचं हे मोघम सांगू नका. ‘तुमचे अनुभव लिहा’ म्हटलं की असं येतं : ‘या सर्वेक्षणातून मला खूप काही शिकायला मिळाले. संघभावनेचे महत्त्व कळले.’ हे वाक्य कुठल्याही प्रोजेक्टच्या शेवटी चिकटवता येतं, म्हणून त्याला शून्य गुण. त्याऐवजी तीन प्रश्न द्या : पहिल्या वेळी नेमकं काय अडलं? तुम्ही काय बदललं? बदल केल्याने काय फरक पडला, तो कुठे दिसतो?

मग असं येऊ शकतं : ‘पहिल्या प्रश्नावलीत मी “रोज किती लिटर पाणी वापरता?” असं विचारलं होतं. १४ पैकी ९ घरांनी “लागेल तेवढं” एवढंच सांगितलं. दुसऱ्या फेरीत “सकाळी किती हंडे भरता?” असं विचारलं आणि प्रत्येक घरातला हंडा लिटरच्या मापाने मोजून घेतला. आता सगळ्या घरांचे आकडे मिळाले, पण कपडे नदीवर धुणाऱ्या घरांचा वापर यात धरलेला नाही. ती चूक राहिली आहे.’ शेवटचं वाक्य पाहा. राहिलेली चूक कबूल करणाऱ्याला गुण मिळतात हे पहिल्याच तासाला सांगून टाका. नाहीतर कोणी कबूल करत नाही. शाळेपासून तशी सवयच लागलेली असते.

गुण कसे विभागायचे?

अंतर्गत मूल्यमापनाचं एकूण प्रमाण विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे. त्यातले २० गुण पोर्टफोलिओला दिले तर अशी विभागणी चालते : नमुन्यांची निवड आणि तिचं कारण ४, पुराव्याची अचूकता (कच्च्या नोंदी, मोजमाप, तारखा) ६, टिपणं ६, तोंडी ४.

सजावटीला एकही गुण नाही. भूगोलाच्या पेपरात रंगसंगतीला गुण दिले की ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो पुढे जातो. ‘वाचता येतं, लिंक उघडतात’ एवढी किमान अट ठेवा. ती पूर्ण नसेल तर गुण कापण्याऐवजी दोन दिवसांची मुदत देऊन साइट परत करा.

टिपणाच्या ६ गुणांची पातळी सूचनेतच लिहा. ५-६ : अडचण नेमकी सांगितली, बदल दाखवला, बदलाचा पुरावा जोडला. ३-४ : अडचण आणि बदल आहे, पुरावा नाही. १-२ : फक्त काय केलं त्याचं वर्णन. ० : कुठल्याही कामाला लागू पडेल असा मजकूर.

दोन शिक्षक तपासणार असतील तर आधी तेच पाच पोर्टफोलिओ दोघांनी स्वतंत्रपणे तपासावेत. २० पैकी ३ पेक्षा जास्त गुणांचा फरक आला तर बसून बोलावं आणि मगच बाकीचे वाटून घ्यावेत.

८० पोर्टफोलिओ तपासायला वेळ कुठून आणायचा?

हिशेब मांडू. शेवटची तपासणी प्रत्येकी १२ मिनिटं धरली तर १६ तास. तोंडी प्रत्येकी ४ मिनिटं, म्हणजे ५ तास २० मिनिटं. मधली एक झटपट पाहणी प्रत्येकी २ मिनिटं, म्हणजे २ तास ४० मिनिटं. एकूण २४ तास, सत्रभरात विभागलेले. ८० जर्नलांवर पानोपानी सही करण्याशी तुलना केली तर फार वेगळं नाही. फक्त हे सगळं शेवटच्या आठवड्यात आणलंत तर मात्र अशक्य आहे.

म्हणून १५ आठवड्यांच्या सत्रात टप्पे असे : दुसऱ्या आठवड्यात साइट उघडणं, पाचव्यात पहिला नमुना टिपणासह, नवव्यात आणखी दोन, तेराव्यात अंतिम, चौदाव्यात तोंडी. झटपट पाहणी पाचव्या आठवड्याची. त्यात गुण देऊ नका. एकच शेरा द्या, आणि तोही ठरलेल्या सहा-सात शेऱ्यांतून : ‘कारण लिहिलं नाही’, ‘तारीख नाही’, ‘फाइल उघडत नाही’, ‘वर्णन झालं, विचार नाही’ वगैरे. सगळ्यांच्या लिंक एका गूगल फॉर्मने मागवा म्हणजे त्या एका शीटमध्ये हजेरी क्रमाने लावता येतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या लिंक शोधत बसण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दहा पोर्टफोलिओ तपासून होतात.

नवव्या आठवड्याची पाहणी विद्यार्थ्यांनीच एकमेकांची करावी. प्रत्येकाने दोघांची, दिलेल्या तीन प्रश्नांवर. ‘छान आहे’ लिहिता येणार नाही असे प्रश्न काढा. उदाहरणार्थ : या पानावरचा कोणता आकडा तुम्हाला पटला नाही आणि का?

टिपणं चॅटजीपीटीकडून लिहून आणली तर?

आणतात. पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. ती निर्दोष मुलांनाही दोषी ठरवतात. त्यापेक्षा असाइनमेंटच अशी करा की आयतं टिपण निरुपयोगी ठरेल. टिपणात कच्च्या नोंदीच्या विशिष्ट पानाचा उल्लेख सक्तीचा ठेवा : ‘वहीचं पान ७, वरून तिसरी ओळ.’ ते पान ‘निवडलेलं’ फोल्डरमध्ये असलंच पाहिजे. मग तोंडीत तेवढंच विचारा : ही ओळ का खोडली? खोडणारा लगेच सांगतो.

टिपण गूगल डॉकमध्ये लिहायला लावलं तर ‘व्हर्जन हिस्ट्री’ही पाहता येते, पण त्यासाठी विद्यार्थ्याने तुम्हाला त्या डॉकवर संपादनाचा हक्क दिलेला असावा लागतो. सगळा मजकूर एकाच मिनिटात आलेला दिसला तर तो चोरीचा पुरावा नव्हे. कोणी वहीत लिहून मग उतरवतं, कोणी मोबाइलच्या नोट्समधून चिकटवतं. त्याला विचारायचा एक जास्तीचा प्रश्न, एवढीच त्याची किंमत धरा.

वाङ्मयचौर्याबद्दल यूजीसीची २०१८ची नियमावली आहे, पण तिच्या व्याख्येतून असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट स्पष्टपणे वगळले आहेत. म्हणजे किती टक्के मजकूर जुळला याचे तिच्यातले टप्पे दाखवून विद्यार्थ्याला घाबरवता येत नाही. विभागाने स्वतःचा नियम दोन-तीन ओळींत लिहावा आणि सूचनेत छापावा : एआय कशासाठी चालेल (उदा. शुद्धलेखन), कशासाठी नाही, आणि वापरलं तर कुठे नमूद करायचं.

गटाने काम केलं असेल तर साइट एक की वेगवेगळ्या?

काम गटाचं, पोर्टफोलिओ प्रत्येकाचा. तक्ते आणि नकाशा चौघांचा एकच असू शकतो, पण त्यावर ‘यातलं माझं काय’ ही एक ओळ आणि टिपण स्वतःचं हवं. चौघांच्या त्या ओळी शेजारी ठेवून वाचा. काम पाच जणांचं झालेलं दिसलं किंवा एक काम कुणीच केलेलं नसलं तर लगेच कळतं.

साइट सगळ्या जगाला दिसली पाहिजे का? मुली नको म्हणतात.

नको म्हणण्याला पुरेसं कारण आहे आणि ते विचारू नये. गुण आणि सार्वजनिकता यांची कधीही सांगड घालू नका. गूगल साइट्समध्ये प्रसिद्ध साइट ठरावीक ईमेल पत्त्यांनाच दिसेल असं करता येतं. शिक्षक, परीक्षक आणि पाहणी करणारे दोन सहाध्यायी, एवढ्यांना दिलं की झालं. सार्वजनिक ठेवणाऱ्यांनाही साइट सर्च इंजिनपासून लपवण्याची विनंती पब्लिश करताना नोंदवता येते.

सार्वजनिक साइटवर काय नको ते यादी करून सांगा : मोबाइल नंबर, घरचा पत्ता, आधार, पीआरएन, गुणपत्रिका, सही. परिचयाच्या पानावर बायोडाटा चिकटवायची पद्धत पडली आहे आणि यातलं निम्मं त्यातूनच बाहेर जातं.

ज्यांचं सर्वेक्षण केलं त्यांची काळजी याहून मोठी. उत्तरं देणाऱ्यांची नावं काढून ‘घर क्र. १, २, ३’ असं लिहा. फोटोत चेहरा असेल तर आधी विचारून घ्या, लहान मुलांचे चेहरे नकोतच. गूगल फॉर्मने उत्तरं घेतली असतील तर ती शीट ‘खासगी’ फोल्डरमध्ये. साइटवर फक्त आलेख. मोबाइलच्या मूळ फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा किंवा टाकण्याआधी काढा. भूगोलाला ते हवे असतात हे खरं, पण विहिरीचे घ्या, कुणाच्या घराचे नको.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती, अशी तरतूद आहे. पहिल्या वर्षाला १७ वर्षांची मुलं असतात, हे प्रवेशाची यादी पाहून ध्यानात घ्या. त्यांच्या साइट बंदिस्तच ठेवा.

गूगलवरून घेतलेले फोटो चालतात का?

गूगल हे फोटो शोधण्याचं ठिकाण, फोटोचा मालक वेगळा. ‘सौजन्य : गूगल’ या ओळीला अर्थ नाही. स्वतः काढलेला फोटो सर्वात बरा. बाहेरचा लागलाच तर विकिमीडिया कॉमन्सवरचा घ्या आणि चित्राखाली तीन गोष्टी लिहा : छायाचित्रकाराचं नाव किंवा तिथलं सदस्यनाव, परवान्याचा प्रकार, मूळ पानाची लिंक.

उलट बाजूही आहे. पोर्टफोलिओतल्या कामाचा स्वामित्वहक्क विद्यार्थ्याचा असतो. नॅकच्या (महाविद्यालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेच्या) अहवालात किंवा महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात त्याचा नकाशा वापरायचा असेल तर लेखी परवानगी घ्या आणि नाव छापा.

एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) म्हणतात, सर्टिफाइड जर्नल आणा. मग?

जर्नल सक्तीचं आहे तिथे पोर्टफोलिओ त्याची जागा घेऊ शकत नाही. वाद घालू नका. शेवटच्या पानावर साइटचा क्यूआर कोड चिकटवा आणि खाली पत्ता अक्षरांत लिहा. परीक्षेच्या खोलीत नेट नसतं असं धरूनच चला : प्रत्येक साइटची पीडीएफ एका पेनड्राइव्हवर, फाइलचं नाव आसनक्रमांकाने.

मुदत संपल्यावर विद्यार्थी साइट बदलत राहतात. तपासायचं काय?

साइटची लिंक गूगल क्लासरूममध्ये जमा केली तरी साइट गोठत नाही. मुदतीच्या दिवशी प्रत्येक पान ब्राउझरमधून ‘प्रिंट’, ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ करून लिंकसोबत जमा करायला लावा. गुणांचा वाद झाला तर ती पीडीएफ प्रमाण, हे सूचनेत लिहा. लावलेली स्लाइड किंवा शीट छापताना अर्धी कापली जाते, म्हणून महत्त्वाचा तक्ता चित्र म्हणूनही पानावर ठेवायला सांगा.

पदवीनंतर साइटचं काय होतं?

महाविद्यालयाच्या खात्यावर बांधली असेल तर खातं बंद झालं की साइट गेली. बऱ्याच संस्था जागेच्या मर्यादेमुळे माजी विद्यार्थ्यांची खाती बंद करतात. वैयक्तिक खात्यावर बांधली तर ती विद्यार्थ्याची राहते, पण गूगलच्या धोरणाप्रमाणे दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं हटवलं जाऊ शकतं.

शेवटच्या सत्रात, निकालाची वाट न पाहता, हे करून घ्या. महाविद्यालयाच्या खात्यातून साइट स्वतःच्या वैयक्तिक खात्याला ‘एडिटर’ म्हणून शेअर करायची. वैयक्तिक खात्यात जाऊन ‘मेक अ कॉपी’ करायची. इथे बहुतेक जण थांबतात आणि फसतात. साइटची नक्कल झाली, पण तिच्यात लावलेल्या ड्राइव्ह फाइली अजून जुन्याच खात्यातल्या आहेत. ते खातं बंद झालं की पानं राहतात आणि नकाशांच्या जागी रिकामे चौकोन. म्हणून ‘निवडलेलं’ फोल्डर डाउनलोड करून नव्या खात्यात चढवायचं आणि प्रत्येक फाइल नव्याने जोडायची. पाच नमुन्यांना अर्धा तास लागतो. संगणकावरून थेट साइटवर चढवलेली चित्रं मात्र नकलेबरोबर येतात.

नव्या साइटचा पत्ता वेगळा असेल. बायोडाट्यात आणि जर्नलवर छापलेला क्यूआर कोड जुन्याच पत्त्यावर जाईल. तोही बदलून घ्या.